लाल गाडीचं काळीज

१

कट्यार गेली होती, आणि ती कुणी नेली हे धारच्या शितोळ्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लतिकाबाई दिघ्यांना खटकलं ते नेमकं हेच. विमा कंपनीच्या सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं त्यांनी ठोकलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. जिथं सगळे साक्षीदार एका सुरात बोलतात तिथं कुणीतरी काहीतरी बघायचं विसरलेलं असतं, हे त्यांना पाठ झालं होतं.

फोन तात्यासाहेब शितोळ्यांचा होता. लतिकाबाईंच्या कैलासवासी यजमानांचे ते शाळासोबती. सकाळी सात वाजता, देवासच्या आपल्या घरात लतिकाबाई पोह्यांवर शेव भुरभुरत होत्या, तेवढ्यात तो वाजला.

"लतिकाताई, सूनबाई घर सोडून चालली," तात्यासाहेब म्हणाले. "आज चार वाजता तिचा भाऊ टोंकखुर्दहून न्यायला येतोय. तिनं कट्यार घेतली असेल तर घेतली, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण घेतली नसेल, तर मी कुठल्या तोंडानं तिला जाऊ देऊ?"

शितोळ्यांच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की घराण्याची कट्यार लाल फडक्यात गुंडाळून एक रात्र घरच्या वाहनाच्या काळजापाशी ठेवायची. दरबारी काळात ती घोड्याच्या छातीशी बांधत. घोडे गेले, जीप आली, आणि कुण्या पूर्वजानं जीपचं काळीज म्हणजे इंजिन असं ठरवून टाकलं. वाहन नवं असेल तर पहिल्या वर्षी घरातल्या थोरल्या हातानं ठेवायची, पुढं ज्याचं वाहन त्यानं. सकाळी काढून परत देव्हाऱ्यात.

वाहन होतं शुभंकरचं, तात्यासाहेबांच्या एकुलत्या एका मुलाचं. व्हेंटारो नावाची, कमरेइतकीही उंच नसलेली, लालभडक परदेशी स्पोर्ट्‌स कार. शुभंकर पिथमपूरला गाड्यांच्या चाचण्या घेणारा इंजिनिअर होता आणि या गाडीपायी वेडा होता. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं आठ दिवसांत त्याला नेलं. गाडी आच्छादनाखाली गेली. यंदा तात्यासाहेबांनी ती देवासच्या ओळखीच्या राजवर्धनांना विकायचं ठरवलं. जाण्याआधी दसऱ्याला शेवटची पूजा झाली. मालक उरला नव्हता, म्हणून पुन्हा थोरल्या हातानं, म्हणजे तात्यांच्या मोठ्या बहिणीनं, उमाबाईंनी, कट्यार इंजिनावर ठेवली. सकाळी शुभंकरची बायको शिखा ती काढायला गेली, तर इंजिनावर काही नव्हतं. गाडीची किल्ली रात्रभर शिखापाशीच होती.

"आणि गाडी?" लतिकाबाईंनी विचारलं.

"ती त्याच दिवशी मुहूर्तावर देवासला गेली."

लतिकाबाईंनी पोहे झाकून ठेवले आणि चपला घातल्या.

२

राजवर्धनांचं घर टेकडीच्या पायथ्याशी. दिवाणखान्याच्या भिंतीवर तलवारी, ढाली, भाल्याची पाती. जुन्या हत्यारांचा शौक आणि नुकतीच त्या घरातून आलेली गाडी. लतिकाबाईंच्या मनात जे आलं ते राजवर्धनांनी लगेच ओळखलं.

"भिंतीकडे बघताय ना, बाईसाहेब? खुशाल बघा. शितोळ्यांची कट्यार लपवायची असती तर मी पलंगाखाली लपवली असती, भिंत तुम्हाला दाखवली नसती." ते हसले आणि मग कपाळाला आठ्या घातल्या. "पण गाडी मात्र नाठाळ निघाली हो. परवा टोंकखुर्दच्या बाजूला घेऊन गेलो. गावाच्या अलीकडे, बाभळीपाशी, रस्ता सपाट. खड्डा नाही, ब्रेकर नाही. आणि ही बया आपोआप नाक वर उचलते! थोडं पुढं गेलं की खाली. येताना तिथंच पुन्हा तेच. मेकॅनिकला दाखवायला हवी."

"नका दाखवू इतक्यात," लतिकाबाई म्हणाल्या. "गाडीत काही सामान ठेवलंत का?"

"असल्या गाडीत सामान कोण ठेवतं? मी आणि माझा चष्मा."

गाडी अंगणात उभी होती. लतिकाबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून पुढच्या बाजूला वाकल्या. पुढच्या झाकणाच्या कडेवर हळदीच्या चार बोटांचा पुसट ठसा होता. मागच्या झाकणावर, ज्याच्या काचेखालून इंजिन दिसत होतं, धूळ सोडून काही नव्हतं. त्यांनी ठशाकडे जरा वेळ पाहिलं, राजवर्धनांचा फोन नंबर घेतला आणि इंदूरवरून धारची बस धरली.

३

शितोळ्यांचा बंगला मुंज तलावाकडच्या रस्त्यावर आहे. घर नवं, पण फाटकात जमिनीत रोवलेला एक दगडी उंबरा जुन्या घरचा, हळदीकुंकवानं माखलेला, वीतभर उंच. लतिकाबाई त्याला ठेचकाळल्या आणि मनातल्या मनात त्याची खरडपट्टी काढली.

पहिला भेटला मयुरेश, तात्यासाहेबांचा पुतण्या. गाडी देवासला पोचवून आला तो हाच. बोलणं अर्धं इंदूरचं.

"देखो काकू, सीधी बात आहे. उमाआक्का कधी खोटं बोलत नाही, बरोबर? तिनं इंजिनावर ठेवली. झाकण तिनं स्वतःच्या हातानं लावलं. सकाळी शिखाभाभी म्हणते, इंजिनावर काही नव्हतंच. मग हवेत उडाली क्या?"

"गाडी बाकी सगळी पाहिलीत?"

"सीटखाली, दारात, सगळीकडे. इंजिन तर टॉर्च लावून, पाठीमागचं झाकण पूर्ण वर करून."

"पुढची डिक्की?"

"पुढं कशाला बघायचं? आक्का इंजिनावर म्हणते ना!" मयुरेशनं आवाज खाली आणला. "मला पण चांगलं नाही वाटत काकू, पण घरात दुसरं आहेच कोण?"

तो हे मनापासून म्हणत होता. चुकीचा आरोप करणारी माणसं बहुधा मनापासूनच करतात, आणि त्यामुळंच ते आरोप निस्तरायला जड जातात.

४

उमाबाईंची खोली देव्हाऱ्याला लागून. ब्याऐंशी वर्षांची बाई, पाठ ताठ, डोळ्यांवर जाड भिंगं. सगळं घर त्यांना आक्का म्हणे.

"आक्का, कट्यार ठेवलीत तेव्हाचं सांगा. अगदी बारीकसारीक."

"सांगायचं काय? मंडळी दिवाणखान्यात सोनं वाटत होती. मी पूजेचं ताट घेऊन गाडीपाशी गेले. झाकण उघडंच होतं. आत काळं काळं होतं, तसंच, पहिल्या वर्षीसारखं. हात लावून पाहिला, पाट्यासारखं गार. तिथं फडकं ठेवलं, अक्षता टाकल्या, झाकण खाली ओढलं. ते आपलं आपण बसलं."

"गार होतं? नक्की?"

"अगं, म्हातारी झाले म्हणून गार-गरम कळेनासं झालं का मला?"

भिंतीवर एक फोटो होता. पहिल्या दसऱ्याचा. लाल गाडीचं झाकण उघडलेलं, शुभंकर हसतोय, आणि त्यानं आक्कांचा हात धरून कट्यार ठेवून घेतली आहे. लतिकाबाईंनी तो फोटो खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. येताना दिवाणखान्यात त्यांनी दुसरा एक फोटो पाहिला होता, शुभंकर आणि शिखा त्याच लाल गाडीला टेकून उभे. त्याच?

"त्यानंतर पुन्हा तुम्ही कधी ठेवली?"

"नाही. पुढच्या वर्षापासून तोच ठेवायचा. माझे डोळेही गेले होते तोवर." उमाबाई फोटोच्या दिशेनं वळल्या. "मला विकायचीच नव्हती ती. पुजलेलं वाहन घरातून काढू नये. मी शुभंकरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ही आता घरची झाली, हिला कधी द्यायचं नाही. हो म्हणाला होता. गुणी पोर. नवी नवी असताना फाटकातल्या दगडाला गाडीचं पोट दरवेळी खरवडायचं, आणि मी आत देवापुढं बसलेली, माझ्या काळजात चर्र व्हायचं. मग त्याला जमलं. वर्षा-दोन वर्षांनी एकदासुद्धा आवाज आला नाही."

"जमलं म्हणजे?"

"सावकाश घालायला शिकला असेल. शिकतात मुलं."

वीतभर दगडावरून तशी बुटकी गाडी सावकाश काय, देवाचं नाव घेऊनही नेली तरी खरवडणारच, हे लतिकाबाईंना पक्कं माहीत होतं.

५

शिखा वरच्या खोलीत होती. पलंगावर बांधलेली बॅग आणि तिच्यावर शुभंकरचा एक जुना स्वेटर. मराठी ती लग्नानंतर शिकली, त्यामुळं रडू आवरताना तिची वाक्यं हिंदीकडे घसरत.

"काकू, मला कुणी चोर बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले असते. सगळे चुप आहेत. बाबा मला नजर देत नाहीत. मैं कैसे रहूँ?"

"दसऱ्याच्या दिवशी गाडी चालवलीस?"

"हो. शेवटची चक्कर. तलावाला दोन राउंड मारले, धारेश्वराला नेली. आणल्यावर लगेच पूजा झाली. पूजेसाठी सफाई करायला मी दोन्ही झाकणं खोलली होती, पुढची पण, पाठीमागची पण."

"नंतर बंद कुणी केली?"

"संध्याकाळी मी गेले तर पुढचं बंद होतं. मला वाटलं, मयुरेशनं केलं. पाठीमागचं खुलं होतं, ते मी आत न बघताच लावलं."

"इंजिनाचं खुलं होतं? आक्का म्हणतात त्यांनी लावलं."

"म्हणूनच तर!" शिखानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आक्का झूठ नाही बोलत, मला माहीत आहे. आणि मी पण नाही बोलत. मग?"

लतिकाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पंचनाम्यात असं काही करायची सोय नसते, पण आता त्या निवृत्त होत्या.

"पोरी, आता एकच खरं सांग. शुभंकरनं पहिली गाडी केव्हा बदलली?"

शिखाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. खाली फाटकाशी कुणाच्या तरी मोटरसायकलचा आवाज आला आणि ती दचकली, पण तो दूधवाला होता. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"तुम्हाला कसं... मी त्यांना वचन दिलं होतं, काकू. आक्कांना नाही सांगायचं."

"वचन तू पाळलंस. आता मला मोडू दे."

६

सगळे दिवाणखान्यात जमले. तात्यासाहेब खुर्चीच्या कडेला बसले, मयुरेश दाराशी, उमाबाई सोफ्यावर, शिखा सगळ्यांपासून लांब, खिडकीत. लतिकाबाईंनी दोन्ही फोटो मेजावर शेजारी शेजारी ठेवले.

"या घरात दोन बायकांची दोन बोलणी एकमेकींशी जुळत नाहीत. आक्का म्हणतात, इंजिनाचं झाकण मी लावलं. शिखा म्हणते, ते उघडंच होतं. तुम्ही सगळ्यांनी एकीला खरी मानून दुसरीला खोटी ठरवलंत. मी दोघींना खऱ्या मानून पाहिलं. शिखानं गाडी तलावाभोवती फिरवून आणली, म्हणजे पूजेच्या वेळी इंजिन तव्यासारखं तापलेलं असणार. आक्कांच्या हाताला ते पाट्यासारखं गार लागलं. मग आक्कांनी ज्यावर हात ठेवला ते इंजिन कसं असेल?"

"तर काय होतं?" मयुरेशनं विचारलं.

"हे फोटो बघा. व्हेंटारो कंपनी दरवर्षी गाडीत काहीतरी बदलते. कधी दिव्याचा आकार, कधी चाकांचं डिझाइन, कधी एखादा रंगच बंद. पण दोन हजार वीसच्या मॉडेलला तिनं गाडीचं सगळं पोटच फिरवलं. एकोणीसच्या मॉडेलचं इंजिन पुढं होतं, म्हणून या पहिल्या फोटोत गाडीचं नाक लांब आहे. वीसपासून इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागं गेलं, नाक आखूड झालं, आणि पुढच्या झाकणाखाली उरली सामानाची काळी पेटी. या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत, तात्यासाहेब. शुभंकरनं मधे गाडी बदलली. रंग तोच घेतला, आणि आक्कांना कळू दिलं नाही. आक्कांच्या डोळ्यांना लाल आणि बुटकं एवढंच दिसत होतं."

उमाबाईंनी मान वर केली.

"आक्कांनी पहिल्या वर्षी कट्यार पुढं ठेवली, कारण तेव्हा काळीज पुढं होतं. यंदाही त्यांनी ती पुढंच ठेवली, आणि झाकण लावलं ते पुढचं. हळदीची बोटं अजून तिथं आहेत, मी सकाळी पाहिली. तुम्ही सगळ्यांनी 'इंजिनावर' ऐकलं आणि मागं शोधलंत. कट्यार चोरीला गेलेली नाही. ती मयुरेशबरोबर देवासला गेली."

मयुरेश तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. लतिकाबाईंनी राजवर्धनांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि गाडीची पुढची डिक्की उघडायला सांगितली. पावलं ऐकू आली. मग एक हलकासा खटका.

"बाईसाहेब," राजवर्धनांचा आवाज एकदम लहान झाला होता. "लाल फडकं आहे. वर तांदूळ. मी... मी घेऊन येतो. गाडीसकट घेऊन येतो."

तात्यासाहेब उठले. काठी न घेताच खिडकीपर्यंत चालत गेले आणि सुनेसमोर त्यांनी हात जोडले.

"सूनबाई, मी तुला काही बोललो नाही, नुसता गप्प बसलो. त्याहून वाईट मला काही करता आलं नसतं. मला माफ कर."

"बाबा, ऐसा मत करो ना," म्हणत शिखानं त्यांचे जोडलेले हात धरले, आणि मग दोघंही रडली. मयुरेशनं भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं तो पुढं आला आणि भाभीच्या पायाशी वाकला. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्याला जरा बरं वाटलं.

उमाबाई मात्र फोटो हातात घेऊन तशाच बसल्या होत्या.

"म्हणजे मी पुजलेली गाडी त्यानं विकली," त्या म्हणाल्या. "मला हो म्हणून."

शिखा त्यांच्यापाशी जमिनीवर येऊन बसली.

"आक्का, तुमच्यासाठीच. दगडाला पोट घासलं की तुम्ही आतून हाय म्हणायच्या ना, ते त्यांना ऐकू जायचं. दगड काढू असं एकदा बोलले, तर तुम्ही दोन दिवस जेवल्या नाहीत. नवीन मॉडेलमध्ये एक बटण आलं होतं, दाबलं की गाडी पुढून उचलते. लोक स्पीडसाठी घेतात ती गाडी. यांनी त्या एका बटणासाठी घेतली."

"माझ्या दगडासाठी?" उमाबाईंनी विचारलं, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

७

चार वाजता शिखाचा भाऊ अमन आला. न्यायला आलेल्या माणसाला सगळे हसून चहा देत आहेत, मधूनच कुणीतरी रडतंय, हे पाहून तो बावचळून गेला. लतिकाबाईंनी त्याला आपल्याशेजारी बसवून घेतलं.

"तुझ्या गावाच्या अलीकडे, बाभळीपाशी, रस्त्यात काय आहे रे?"

"कुछ नी, आंटी. सपाट रोड है." मग त्याला आठवलं. "पेले नाली थी वहाँ, बड़ी ऊँची पुलिया वाली. जीजाजी हर राखी पे दीदी को लाते थे, वहाँ आके गाड़ी धीमी करते थे. अब तो रोड बन गया."

लतिकाबाईंनी मान हलवली. सकाळपासून त्यांच्या डोक्यात राहिलेलं एक कोडं तेवढंच होतं.

ऊन तलावाकडे कलायला लागलं तेव्हा लाल गाडी रस्त्याच्या वळणावर दिसली. राजवर्धन एकटेच होते. ते सरळ फाटकाकडे वळले, आणि अंगणातून तात्यासाहेब आणि अमन एकदम ओरडले, "दगड! दगड आहे, थांबा!" राजवर्धनांना काचेतून काही ऐकू गेलं नाही. उमाबाईंनी कान झाकून घेतले.

फाटकाच्या हातभर अलीकडे गाडीचं नाक आपोआप वर उचललं गेलं. हळूच. पुढची चाकं दगडावरून आत आली, पोट दगडाला न लागता गेलं, आणि अंगणात आल्यावर नाक खाली बसलं.

राजवर्धन उतरले ते घाबरेघुबरे. "बघितलंत? मी कशाला हात लावला नाही!"

"बिघाड नाहीये तो," लतिकाबाई म्हणाल्या. "या मॉडेलला जागा लक्षात राहतात. जिथं एकदा उचलायला सांगून ठेवलं, तिथं ती पुढं स्वतःच उचलते. चालवणारा कुणीही असो."

उमाबाईंनी कानावरचे हात काढले होते. "आवाज आला नाही. कुणी उचलली?"

"त्यांनी," शिखा म्हणाली.

राजवर्धनांनी लाल फडकं दोन्ही हातांत धरून उमाबाईंना दिलं आणि वर गाडीची किल्ली ठेवली. "दसऱ्याला पुजलेलं वाहन आमच्याकडेही घराबाहेर काढत नाहीत, आक्कासाहेब. मला आधी ठाऊक असतं तर मी नेलंच नसतं." तात्यासाहेब काही म्हणणार होते, पण राजवर्धनांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते तिथंच थांबवलं.

उमाबाई चाचपडत गाडीपाशी गेल्या. आखूड नाकावरून त्यांनी हात फिरवला, मग कडेकडेनं मागं चालत गेल्या आणि काचेवर तळवा टेकला. देवासपासून धावत आलेलं इंजिन चांगलंच तापलेलं होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"इथं आहे होय रे तुझं काळीज," त्या म्हणाल्या.

मग त्या वळल्या आणि किल्ली शिखाच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली.

"ती बॅग वर ने. अमनला जेवल्याशिवाय सोडू नका. आणि उद्या सकाळी मला हिच्यात बसवून फिरव. त्यानं कुठं कुठं उचलायला सांगून ठेवलंय, ते मला सगळं बघायचंय."

"कितनी जगह होगी, मला पण माहीत नाही, आक्का," शिखा म्हणाली.

"मग दोन दिवस लागतील," उमाबाई म्हणाल्या, आणि कट्यार घेऊन देव्हाऱ्याकडे निघाल्या.